पेव्हर ब्लॉकला सीलर मारायचा की काढायचा? खर्च, पद्धत आणि कोटेशनचं गणित



व्हिडिओमध्ये मी काम करून दाखवलं, पण आकडे भरभर सांगितले गेले. म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितोय. तुम्ही हार्डवेअर दुकानदार असा, पेंटिंगचे ठेकेदार असा किंवा स्वतःच्या बंगल्यापुढच्या गट्टूंना सीलर मारायचा विचार करत असा, आधी हे शांतपणे वाचा आणि मगच डबा उघडा.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. दिवाळी तोंडावर आली होती. सावेडी भागातल्या एका निवृत्त सरांचं ९०० चौरस फुटांचं अंगण होतं. "पाहुणे यायच्या आत चकचकीत पाहिजे," एवढीच त्यांची अट. मी २२ रुपये फुटाने काम घेतलं, म्हणजे १९,८०० रुपये. शनिवारी प्रेशर वॉशरने धुतलं, रविवारी दुपारी ॲक्रिलिक सीलर मारला. दिवाळीत अंगण आरशासारखं दिसत होतं. पंधरा दिवसांनी सरांचा फोन आला, "अरे, अंगणावर दूध सांडल्यासारखं झालंय."

जाऊन पाहिलं तर खरंच पांढरे ढग. वरून ब्लॉक सुकला होता, पण खालची कच ओली होती. ती वाफ वर यायला लागली आणि सीलरच्या थराखाली अडकली. सीलर काढायला आणि परत मारायला मला मिळालेल्या पैशांच्या दुप्पट पैसे गेले. सर एक शब्द वाईट बोलले नाहीत, त्याचीच मला जास्त लाज वाटली. तेव्हापासून माझा नियम ठरला: सीलर मारण्याचा दर सांगण्याआधी सीलर काढण्याचा खर्च माहीत पाहिजे.

१. आधी विचारा: सीलर लागतो का?

दुकानदार असूनही सांगतो, प्रत्येक अंगणाला सीलर लागत नाही. साधे राखाडी ब्लॉक असतील, गाडी उभी करण्यापुरती जागा असेल, तर वर्षातून एकदा धुऊन सांध्यात कच भरली तरी पुष्कळ झालं.

सीलरचा खरा उपयोग तीन ठिकाणी होतो. एक, रंगीत ब्लॉक उन्हाने फिके पडतायत तिथे. दोन, तेलाचे डाग पडतात तिथे, म्हणजे ट्रॅक्टर-गाड्यांचं पार्किंग किंवा शिर्डी-शिंगणापूरच्या वाटेवरची हॉटेलं. तीन, मंगल कार्यालयं. तिथे तेल, रस्सा, पानाची पिंक सगळं एकाच दिवशी सांडतं. हळदीच्या डागाचं मात्र टेन्शन घेऊ नका, उन्हात तो आपोआप फिका पडतो.

एक सोपी परीक्षा करा. कोरड्या ब्लॉकवर पाण्याचे चार थेंब टाका आणि दहा मिनिटं थांबा. पाणी मुरून ब्लॉक काळपट झाला तर तो सीलर पिणार. थेंब तसाच गोल बसून राहिला तर एक तर आधीचा सीलर शाबूत आहे, नाहीतर रबर मोल्डमधला ग्लॉसी ब्लॉक आहे. अशा गुळगुळीत ब्लॉकवर सीलर नीट धरत नाही, पापुद्रे निघतात. तिथे काम नाकारायला शिका.

२. सीलर दोन जातींचा

आत मुरणारा: सिलेन-सिलोक्सेन प्रकारचा. ब्लॉकच्या छिद्रांत जातो, पाणी आत येऊ देत नाही, पण आतली वाफ बाहेर जाऊ देतो. चमक येत नाही. अकोल्याच्या पश्चिमेला, भंडारदरा-रतनवाडीकडे पाऊस भरपूर आणि ओल कायम, तिथे मी हाच सुचवतो.

वर थर करणारा: ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन. रंग उठून दिसतो, ओल्यासारखी चमक येते. गिऱ्हाइकाला हाच आवडतो आणि तक्रारीही याच्याच येतात. ओल्या पायाने घसरायला होतं. घरात म्हातारी माणसं असतील, नळापाशी किंवा उतारावर काम असेल तर चमकवाला सीलर मारूच नका. मारायचाच असेल तर त्यात घसरण कमी करणारी बारीक पावडर मिसळा.

इपॉक्सी उघड्यावर वापरू नका, उन्हाने पिवळा पडतो.

लक्षात ठेवा, वरचा थर काढता येतो. आत मुरलेला सीलर केमिकलने काढता येत नाही, तो काळानेच कमी होतो. त्यामुळे "आधीचा कोणता मारलाय?" हा गिऱ्हाइकाला विचारायचा पहिला प्रश्न. त्यांना माहीत नसेल तर पांढऱ्या फडक्यावर थोडं झायलीन घेऊन कोपऱ्यात घासा. चिकट झालं तर ॲक्रिलिक. थर दिसतोय पण काहीच फरक पडला नाही, तर पॉलियुरेथेनसारखा कडक थर असण्याची शक्यता जास्त.

३. मारायची पद्धत

१. नवे ब्लॉक असतील तर दोन-तीन महिने थांबा. नव्या काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा थर बनतो. आपण त्याला लोणा म्हणतो. तो यायचा तेवढा येऊन जाऊ द्या. वरून सीलर मारलात तर लोणा कायमचा आत कोंडला जाईल.

२. झाडून, साबणाच्या पाण्याने घासून धुवा. लोण्यासाठी पातळ ॲसिड वापरत असाल तर पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. एक भाग ॲसिडला दहा भाग पाणी, आधी एका कोपऱ्यात तपासा, नंतर भरपूर पाण्याने धुवा. बाजूला शहाबादी किंवा कडप्पा फरशी असेल तर तिच्यावर थेंबही पडू देऊ नका. ती चुनखडीचीच आहे, ॲसिडने खाल्ली जाते.

३. प्रेशर वॉशरने सांध्यातली कच निघते. वाळल्यावर कोरडी बारीक कच परत भरा आणि ब्लॉकच्या वरची धूळ पूर्ण झाडून घ्या.

४. सुकू द्या. माझी चूक इथेच झाली. दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा आणि सोळा तास ठेवा. खाली दव जमलं किंवा ब्लॉक काळा पडला तर अजून थांबा. थंडीत तीन-चार दिवस सहज लागतात.

५. दोन पातळ हात मारा. एक जाड हात म्हणजे बुडबुडे आणि पांढरेपणा. हे ॲक्रिलिकसाठी. आत मुरणाऱ्या सीलरला डब्यावर जसं लिहिलंय तसं.

आपल्याकडे सगळ्यात चांगले दिवस म्हणजे परतीचा पाऊस संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत. थंडीत सकाळी दव असतं, म्हणून दहाच्या आधी सुरू करू नका. एप्रिल-मेमध्ये दुपारी ब्लॉकवर पाय ठेववत नाही. तेव्हा सीलर पसरायच्या आतच सुकतो आणि जाळी धरतो.

४. काढायची पद्धत

आधी एक पैसे वाचवणारी गोष्ट. ॲक्रिलिक पांढरा पडला म्हणजे लगेच सगळा काढायचा असं नाही. अंगण पूर्ण कोरडं असताना दोन फूट बाय दोन फूट जागेवर रोलरने झायलीनचा पातळ हात फिरवा. सीलर पुन्हा विरघळतो, अडकलेली ओल निघून जाते आणि बऱ्याचदा तो परत पारदर्शक होतो. दोन-तीन दिवस बघा. टिकला तर तेवढ्यावर भागेल. हे मला तेव्हा माहीत असतं तर सरांचं अर्धं अंगण तरी वाचलं असतं.

नाहीच जमलं तर:

१. एकावेळी शंभर चौरस फूटच घ्या, सावलीत, सकाळी. स्ट्रिपर जाड थरात लावा. डब्यावर लिहिलेला वेळ ठेवा आणि तोवर सुकू देऊ नका.

२. नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेचा ब्रश नको. तारा तुटून अडकतात आणि पुढे गंजाचे ठिपके पडतात.

३. सुटलेला चिखल लाकडाच्या भुशात गोळा करा. गटारीत, झाडांच्या आळ्यात, विहीर-बोअरच्या बाजूला जाऊ देऊ नका. मगच पाण्याने धुवा.

४. जिथे राहिलं तिथे दुसरा हात. मग कच भरणं, सुकवणं, कागदाची परीक्षा, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

झायलीन आणि स्ट्रिपर पेट घेतात, वाफही वाईट. बिडी-सिगारेट, वेल्डिंग, चूल जवळ नको. केमिकलचे हातमोजे, चष्मा आणि वाफेसाठीचा कार्ट्रिजवाला मास्क पाहिजे. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. मजुराला हे सामान देणं आपलं काम आहे, त्याची मेहेरबानी नाही.

५. आता गणित: १,००० चौरस फूट

दर मी उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या तालुक्यातले दर घाला, पद्धत तीच ठेवा. मिस्त्री ९०० आणि मदतनीस ६०० रुपये रोज धरलाय.

ॲक्रिलिक सीलर मारणे
– धुणं: मशीन भाडं ८०० + साबण-केमिकल ६०० + दोघांची मजुरी १,५०० = २,९००
– कच ८०० + मजुरी ६०० = १,४००
– सीलर: पहिला हात लिटरला ३५ फूट, दुसरा ५० फूट, म्हणजे साधारण ५० लिटर, ३०० रुपयांनी = १५,०००
– मारण्याची मजुरी १,५०० + रोलर वगैरे ७०० = २,२००
एकूण २१,५०० रुपये, म्हणजे फुटाला २१.५०

सीलर काढणे
– स्ट्रिपर: लिटरला २५ फूट, ४० लिटर, ३५० रुपयांनी = १४,०००
– दुसरा हात, साधारण ३० टक्के जागेवर, १२ लिटर = ४,२००
– मशीन दोन दिवस = १,६००
– एक मिस्त्री, दोन मदतनीस, तीन दिवस = ६,३००
– परत कच भरणं = १,४००
– मोजे, मास्क, ब्रश, भुसा = २,५००
एकूण ३०,००० रुपये, म्हणजे फुटाला ३०

वर पुन्हा सीलर मारायचे १७,२०० धरा. झाले ४७,२००. म्हणजे २१,५०० चं काम चुकलं की त्याच अंगणावर आणखी ४७,२०० जातात. एक बिघडलेलं काम किती चांगल्या कामांचा नफा खातं, ते तुम्हीच मोजा.

आता बघा, मी सरांना २२ रुपये दर दिला होता. नफा फुटाला पन्नास पैसे! शेजारचा २२ ने करतो म्हणून मीही २२. हिशेब केलाच नव्हता.

बरोबर कोटेशन असं: खर्च २१,५००. त्यावर नासाडी आणि परत जावं लागेल यासाठी १० टक्के, झाले २३,६५०. आता २५ टक्के नफा पाहिजे. इथे बहुतेक जण २३,६५० ला सव्वापट करून २९,५६२ काढतात. पण तो विक्रीच्या २५ टक्के होत नाही, २० टक्केच होतो. विक्रीवर २५ टक्के हवे असतील तर २३,६५० ला ०.७५ ने भागा. आलं ३१,५३३. एका कामात १,९७१ रुपयांचा फरक, म्हणजे मिस्त्रीचे दोन रोज. जीएसटी नोंदणी असेल तर तो यावर वेगळा.

सीलर किती लागेल ते ब्लॉक किती पाणी पितो त्यावर आहे. भारतीय मानक आयएस १५६५८ प्रमाणे ब्लॉकचं पाणी शोषण सरासरी ६ टक्क्यांच्या आत पाहिजे. उरलेला एखादा ब्लॉक मागून घ्या, चांगला सुकवून वजन करा, चोवीस तास पाण्यात ठेवा, पुसून परत वजन करा. चार किलोचा ब्लॉक २४० ग्रॅमपेक्षा जास्त वाढला तर तो कच्चा आहे, सीलर जास्त लागणार. दर तसा वाढवा.

६. कोटेशनवर या चार ओळी लिहाच

– कोणता सीलर, किती हात, चमक किती.
– धुतल्यानंतर सुकण्याचे दिवस आम्ही ठरवू, तारीख बदलू शकते.
– आधीचा सीलर निघाला तर काढण्याचा दर वेगळा.
– खालचा भराव बसल्यामुळे ब्लॉक खाली-वर झाले तर ते यात धरलेलं नाही. आपल्या काळ्या जमिनीत हे होतंच.

आणि गिऱ्हाईक म्हणालं, "दिवाळीच्या आत पाहिजेच," तर सरळ सांगा, "दिवाळीच्या आत स्वच्छ धुऊन कच भरून देतो, सीलर नंतर मारू." निम्मे जण ऐकतात. बाकीचे दुसऱ्याकडे जातात, जाऊ द्या. त्या सरांचं अंगण दुसऱ्यांदा नीट केलं, त्यानंतर त्यांच्याच गल्लीतून मला तीन कामं मिळाली, आणि तिन्ही ठिकाणी मी आधी प्लॅस्टिकचा कागद चिकटवला.

या आठवड्यात एवढंच करा: तुमच्या दुकानापुढच्या ब्लॉकवर चार थेंब टाका आणि वरच्या हिशेबात तुमचे दर घालून स्वतःचा फुटाचा भाव काढा. भेटू पुढच्या व्हिडिओत.