परंड्याच्या पाषाणाखाली तेल?
परंड्यात बोअर मारला की मुरमाखाली लागतो काळा पाषाण. लाव्हाचा हा दगड, म्हणजे बेसॉल्ट, तेल जन्माला घालत नाही. ते काम गाळाच्या खडकाचं. 1993च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतला, तेव्हा सुमारे 338 मीटर बेसॉल्टखाली गाळाचा थर निघाला जेमतेम 8 मीटर!

गाळाचा खडक तेल देण्याजोगा आहे का, हे कसं तपासतात? तेलविहिरीतून वर आलेला शेलचा, म्हणजे अशाच गाळाच्या खडकाचा, चुरा धुऊन दळतात. चिमूटभर पूड ऑक्सिजनविना तापवतात. 300 अंशांच्या आसपास तयार तेलाची वाफ सुटते. पुढे सेंद्रिय द्रव्य फुटून नवं तेल बनतं. हा दुसरा झोत साधारण 435 अंशांच्या आतच शिगेला पोचला, तर खडक अजून कच्चा. ड्रिलिंगच्या चिखलात डिझेल असेल तर मात्र पहिल्या झोताचा, म्हणजे तयार तेलाचा, आकडा उगाच फुगतो.