तेरा खेळाडू, सलग दोन सामने

ऑक्टोबर २०१७ मध्ये नेरूळला सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले. प्रत्येक संघात २१ खेळाडू होते आणि दोन सामन्यांमध्ये किमान दोन दिवसांची विश्रांती होती. कळव्यासारख्या उपनगरातल्या कॉलेजच्या संघाला ही चैन कुठली? प्रॅक्टिकल, परीक्षा, अर्धवेळ नोकरी यांतून तेराजण जमले तरी पुष्कळ. त्यातले चांगले खेळणारे शनिवारी कॉलेजकडून, तर रविवारी क्लबकडून मैदानात!

नव्वद मिनिटांच्या खेळात पायांच्या स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा बराच संपतो. भात-पोळी पोटभर खाल्ली तरी तो पूर्ण भरायला दोन-तीन दिवस लागू शकतात. दमलेल्या पायांनी वेगात धावताना मांडीमागचा स्नायू हमखास दगा देतो. उंची झपाट्याने वाढत असलेल्या मुलाचा गुडघ्याखालचा उंचवटा दुखत असेल, तर ‘वाढीचं वय आहे’ म्हणून खेळवत राहू नका, डॉक्टरांना दाखवा.

‘फिफा ११ प्लस’ हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आठवड्यातून दोनदा नेमाने केल्यास दुखापती साधारण एक-तृतीयांशाने घटतात. साहित्य म्हणजे चेंडू आणि खुणेचे काही कोन, बस्स. मात्र कॉलेजचे सर आणि क्लबचे कोच यांनी प्रत्येक मुलाच्या खेळलेल्या मिनिटांची वही एकच ठेवायला हवी. सध्या तो हिशेब फक्त त्या मुलालाच ठाऊक असतो, आणि संघाबाहेर बसावं लागेल या भीतीने तो सांगत नाही.