भट्टीपाशी माणूस हवा

हेलसिंकीत ज्या सार्वजनिक सौनात मी वर्षानुवर्षं जात आले, तिथली तिकीट खिडकीतली बाई गेल्या हिवाळ्यात निवृत्त झाली. तिच्या जागी कोणी आलं नाही. दाराला आकड्यांचं कुलूप बसलं. पैसे फोनवरून भरायचे, आकडा दाबायचा, आत शिरायचं. ओळखीच्या लोकांना ही सोय वाटते. मला यात धोका दिसतो आणि त्याचं कारण सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

फार मागे नको. देशाची लोकसंख्या ५५ लाखांवर आणि सौना सुमारे ३० लाख, हे फिनलंडवरच्या प्रत्येक लेखात येतं. सार्वजनिक सौनांची गोष्ट मात्र उताराची होती. तांपेरे शहरातला १९०६ सालचा रायापोर्ती आजही चालू आहे. हेलसिंकीत गेल्या शतकाच्या मध्याला असे शंभरावर सौना होते. मग घरोघरी न्हाणीघरं आली, इमारतींच्या तळघरात सामाईक सौना आले आणि रस्त्यावरचे एकेक बंद पडत गेले. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला मी नोकरीसाठी इथे आले तेव्हा कोतिहार्यु, आर्ला असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. ती वर्षं फोन बनवण्याच्या गडबडीत गेली. आठवड्याला इमारतीच्या सौनातला ठरलेला एक तास, एवढंच.

सार्वजनिक सौनातला माझा खरा काळ २०१० नंतरचा, आणि त्याची सुरुवात एका मृत्यूने झाली. हेइनोला गावात १९९९पासून सौनात बसण्याची जागतिक स्पर्धा भरत असे. तापमान ११० अंश, दर अर्ध्या मिनिटाला भट्टीवरच्या तापलेल्या दगडांवर अर्धा लिटर पाणी, जो शेवटपर्यंत बसेल तो विजेता. ऑगस्ट २०१०च्या अंतिम फेरीत सहा मिनिटांच्या सुमारास दोघेही कोसळले. रशियन स्पर्धक दगावला, फिनिश स्पर्धक भयंकर भाजला. त्यानंतर ती स्पर्धा भरली नाही. पण टिकून दाखवायची ती वृत्ती आमच्या कचेरीत आधीपासून होती. भारतातून नव्याने आलेल्या मुलांना बिअर पाजून सर्वांत वरच्या बाकावर बसवायचं आणि किती वेळ टिकतात ते बघायचं. मी त्याला तेव्हाही विरोध केला होता आणि नाक मुरडणारी म्हणून नाव पदरात पाडून घेतलं होतं. आजही सांगते, तो पाहुणचार नव्हता, दांडगाई होती. दारू पिऊन उष्णतेत बसणं हा सौनातल्या मृत्यूंमागचा जुना, सर्वांना ठाऊक असलेला धोका आहे.

सौना कसा पारखायचा, हे मला त्या खिडकीतल्या बाईने आणि बायकांच्या भागातल्या नेहमीच्या आज्यांनी शिकवलं. त्यांतली एक आजी बसण्याआधी बाकावर बादलीभर पाणी ओतायची, फळीवर तळवा फिरवायची, मग आपलं सुती फडकं अंथरायची. उठताना पुन्हा पाणी. फळी बुळबुळीत लागली तर ओल्या अंगाने थेट खिडकीपाशी जाऊन ऐकवायची. अंघोळ न करता आत येणारीला ती दारातूनच परत पाठवायची, मग ती कोणी का असेना. बाई रोज रात्री बाक घासून घ्यायची आणि भट्टीची धग राहू देऊन सगळं लाकूड खडखडीत वाळवायची. सकाळी आत शिरलं की फक्त लाकडाचा वास. आंबूस किंवा कुबट वास आला तर कालची ओल तशीच आहे, हे त्या सौनात लहान मुलीलाही कळत होतं.

एवढ्या उष्णतेत जंतू कसे राहतील, असं मला पुण्याहून येणारा प्रत्येक नातेवाईक विचारतो. वरच्या बाकावर ८०-९० अंश असतात, हे खरं. जमिनीपाशी त्याच्या निम्मेही नसतात. ओली लादी, न्हाणीघराचे कोपरे आणि तुंबलेली मोरी, बुरशीला एवढं पुरतं. बाहेरच्या कोमट पाण्याच्या टबाबद्दल तर जास्त चौकस राहावं, कारण २० ते ४५ अंशांच्या दरम्यान लिजिओनेला वाढतो आणि तुषारांतून फुप्फुसात जातो. लाकडाच्या भट्टीत निखारे पुरते विझण्याआधी धुराड्याची झडप बंद केली, तर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठतो. ती झडप कधी बंद करायची, हे दाराच्या कुलपाला कळत नाही.

२०१०नंतर हेलसिंकीत सार्वजनिक सौनांची पुन्हा भरभराट झाली. २०१३मध्ये कुल्तूरीसौना उघडला, २०१६मध्ये समुद्रकाठी ल्योल्यु आणि आल्लास. मधल्या २०१५ साली २,३१५ पुरुषांना वीसेक वर्षं पाहून केलेला फिनिश अभ्यास आला. वारंवार सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले आणि जगभर सौना औषधासारखा विकला जाऊ लागला. डिसेंबर २०२०मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत फिनिश सौना परंपरेचं नाव लागलं, त्याच वर्षी कोविडच्या साथीमुळे दारं बंद झाली होती. उघडली तेव्हा अनेक ठिकाणी माणसं कमी झाली होती आणि दर वाढले होते.

बिनमाणसाचा प्रत्येक सौना वाईट, असं मी म्हणत नाही. २०११च्या सुमारास बंदराकाठच्या पडीक जागेत हौशी लोकांनी उभारलेल्या सोंपासौनात पगारी नोकर नाही, तिकीट नाही, दार चोवीस तास उघडं. पण तिथे येणारा लाकूड फोडतो, झाडतो, शेजारच्याकडे लक्ष ठेवतो. आमच्या सौनात नोकरही गेला आणि ही जबाबदारीही कोणी उचलली नाही. आज्या येईनाशा झाल्या. अंगावर झोडायच्या बर्चच्या जुडीतली वाळलेली पानं बाकावर दिवसचे दिवस पडून असतात.

आता लोक समुद्र दिसणारी काच आणि ऑनलाइन गुणांकनाचे तारे पाहून सौना निवडतात. छायाचित्रात मोरी दिसत नाही. पुण्या-मुंबईतल्या व्यायामशाळांत आणि हॉटेलांतही सौना आले आहेत, म्हणून हे मराठीत लिहिते आहे. जाण्याआधी चौकशी करा. दार बाहेरच्या बाजूला उघडतं का आणि त्याला आतून कडी नाही ना? भट्टीभोवती कठडा आहे का? आधी अंघोळ आणि बसायला फडकं, हा नियम कोणी पाळून घेतं का? बाक रोज धुऊन वाळवतात का? हृदयविकार असेल, गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि शेवटचा प्रश्न फोनवरच विचारा: आत कोणी भोवळ येऊन पडलं, तर ते किती मिनिटांत आणि कोणाला कळेल? याचं स्पष्ट उत्तर मिळालं नाही, तर तिथे जाऊ नका.