जंगल वाहून नेणारी आगगाडी

आगगाडी म्हटली म्हणजे एका शहराहून दुसऱ्या शहरास उतारू पोंचविणारी गाडी आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु केवळ लाकडासाठीं जन्मास आलेल्या, आणि लाकूड संपतांच नाहींशा झालेल्या आगगाड्याही जगांत होऊन गेल्या आहेत. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ संस्थानांत असे आंखूड लोहमार्ग पुष्कळ झाले. त्यांपैकीं कॅस या गांवच्या मार्गाची हकीकत आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

कॅस हें गांव ग्रीनब्रायर नदीच्या कांठीं आहे. त्याच्या पाठीमागील चीट पर्वतावर लाल स्प्रूस वृक्षांचें दाट अरण्य होतें. स्प्रूस हा आपल्या देवदाराच्या कुळांतील वृक्ष होय. त्याच्या लाकडाचे तंतू लांब असल्यामुळें त्याचा लगदा कागदास फार उपयोगी पडतो. १९०० सालच्या अखेरीस मोठ्या कंपनीचा लोहमार्ग नदीच्या खोऱ्यांतून कॅसपर्यंत आला. पुढच्याच सालीं वेस्ट व्हर्जिनिया पल्प अँड पेपर कंपनीनें तेथून स्वतःचा मार्ग पर्वतावर चढविण्यास आरंभ केला, आणि १९०२ सालीं कॅस येथें लाकूड कापण्याची गिरणी सुरू झाली.

हा मार्ग चढविणें सोपें नव्हतें. आपल्या माथेरानच्या छोट्या गाडीस वीस फुटांस एक फूट इतका तीव्र चढ चढावा लागतो. कॅसच्या मार्गावर कांहीं ठिकाणीं नऊ फुटांस एक फूट इतका चढ आहे! जेथें वळणास जागा नाहीं, तेथें गाडी एकदां पुढें व एकदां मागें अशी चालवून वर नेत. आपल्या बोरघाटांतही खंडाळ्याजवळ १९२९ सालापर्यंत अशीच युक्ति योजिलेली होती, हें पालकांपैकीं कोणीं वडिलधाऱ्यांच्या तोंडून ऐकिलें असेल.

अशा चढावर साधें एंजिन निरुपयोगी ठरतें. त्याचीं चाकें रुळांवर नुसतीं घसरूं लागतात. मिशिगन संस्थानांतील लाकडाचे व्यापारी एफ्रेम शे यांनीं यावर उपाय शोधून १८८१ सालीं त्याचें पेटंट घेतलें. शे एंजिनाचीं सिलिंडरें एका बाजूस उभीं बसविलेलीं असतात. तीं एक लांब दांडा फिरवितात, आणि तो दांडा दातेरी चक्रांच्या योगानें प्रत्येक चाकास गति देतो. म्हणून एंजिनाचा सारा भार ओढण्याच्या कामीं येतो. वेग फार थोडा, पण बळ मोठें. दांड्यास लवचिक सांधे असल्यामुळें वांकड्यातिकड्या रुळांवरही तें चालतें.

रूळ वांकडेतिकडे असत, याचें कारण शाखामार्ग तात्पुरते असत. एका दरींतील झाडें तोडून झालीं कीं तेथील रूळ उखडून पुढच्या दरींत टाकीत. अर्थात् जेथून रूळ उठे, तेथून अरण्यही उठलेलें असे. पर्वतावर स्प्रूस नांवाचें एक गांवच वसलें होतें. तेथें आगगाडीवांचून जाण्यास वाट नव्हती. काम सरल्यावर तें गांवही ओस पडलें.

तोडलेल्या जागीं फांद्यापाल्याचे ढीग वाळत पडत. ठिणगी पडून अशा रानांस वणवे लागत, व पुष्कळ ठिकाणीं मातीही जळून खडक उघडे पडत. १९०७ सालीं मोनोंगहेला नदीस मोठा पूर आला आणि दूरच्या पिट्सबर्ग शहरांत पाणी शिरलें. डोंगरावरचें झाड आणि शहरांतील घर यांचा संबंध आहे, हें तेव्हां लोकांस पटूं लागलें. १९११ सालीं नद्यांच्या उगमाकडील जमिनी सरकारनें विकत घेण्याचा कायदा झाला, आणि १९२० सालीं मोनोंगहेला राष्ट्रीय अरण्य स्थापन झालें.

कॅसची गिरणी १९४२ सालीं दुसऱ्या मालकाकडे गेली. मूळचें अरण्य संपलें होतें. मग पुन्हा उगवलेलीं कोंवळीं झाडें कापण्यांत आलीं. शेवटीं १ जुलै १९६० रोजीं गिरणी बंद पडली. रूळही भंगारांत जावयाचे. परंतु कांहीं लोकांनीं खटपट करून संस्थानच्या सरकारास तो मार्ग घेण्यास लाविलें. १९६३ सालापासून त्यावरून प्रवासी पर्वतावर जाऊं लागले. १९०५ सालीं बांधलेलें पांच नंबरचें शे एंजिन या मार्गानें जपून ठेविलें आहे. पूर्वीं ओंडके वाहणारे डबे आतां बांकें बसवून माणसें नेतात, आणि तीं माणसें नव्यानें वाढणारें स्प्रूसचें रान पाहतात. कांहीं डोंगरांवर तर स्प्रूसचीं रोपें हातांनीं लावण्यांत येत आहेत.

गिरणी अठ्ठावन वर्षें चालली. परंतु तिनें कापलेल्या वृक्षांपैकीं कित्येकांचें वय त्याहून पुष्कळ अधिक होतें. लाकूड वापरूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या कागदावर विद्यार्थी धडे लिहितात तोही लाकडाचाच. मात्र झाड ज्या वेगानें वाढतें त्याहून अधिक वेगानें तें तोडणारा धंदा आपलें भांडवलच खाऊन टाकतो, हें कॅसच्या हकीकतीवरून ध्यानांत ठेवावें. वहीचें पान कोरें सोडून फाडून टाकण्यापूर्वीं आमच्या विद्यार्थ्यांनीं या पर्वताचें एकवार स्मरण करावें.