विश्लेषण : घाट उतरताना सायकलचा टायर अचानक का फुटतो? धोका टाळायचा कसा?

रविवारी पहाटे साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून यवतेश्वर घाटाकडे निघालेले सायकलस्वार आता कोणाला नवे वाटत नाहीत. कोणी कास पठारापर्यंत जातो, कोणी वाईतून पसरणी घाट चढून पाचगणी गाठतो. सांगली-मिरजेकडचे सायकलस्वारही चढाईच्या ओढीने इकडे येतात किंवा कराडमार्गे कुंभार्ली घाटाकडे वळतात. चढताना छाती भरून येते, उतरताना मात्र पायडलही मारावे लागत नाही. सायकलच्या टायरची आणि ब्रेकची खरी परीक्षा या उतरणीतच होते. वळणावर पुढचा टायर फुटला तर सावरायला सेकंदभरही मिळत नाही. हा धोका नेमका कशामुळे निर्माण होतो आणि तो कसा टाळायचा, हे समजून घेऊ.

सपाटीवर वर्षानुवर्षे चाललेली सायकल घाटात दगा का देते?

उत्तर ऊर्जेच्या हिशोबात आहे. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरू. सांगलीतल्या सपाट रस्त्यावर ताशी २५ किमी वेगाने जाताना सिग्नलला थांबायचे झाले, तर ब्रेकला साधारण २ हजार जूल ऊर्जा शोषावी लागते. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत सुमारे साडेपाचशे मीटरचा फरक आहे. तेवढे खाली येताना सुमारे साडेचार लाख जूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजे एका उतरणीत सिग्नलला सव्वादोनशे वेळा थांबण्याइतकी ऊर्जा! एवढ्या उष्णतेत जवळपास दीड लिटर पाणी उकळू शकते.

यातला काही भाग हवेचा रोध आणि रस्त्याचे घर्षण घेते. उरलेला ब्रेकवर येतो. साध्या रिम ब्रेकमध्ये रबरी ब्रेकशू थेट रिमवर घासतात आणि सगळी उष्णता रिममध्ये उतरते. त्याच रिमला टायर आणि ट्यूब चिकटून असतात.

समजा, फक्त मागचाच ब्रेक दाबून कोणी १०० मीटर उंची उतरला आणि रिमला वारा लागलाच नाही, तर अर्धा किलोची अ‍ॅल्युमिनियमची रिम सुमारे १८० अंशांनी तापेल. प्रत्यक्षात वारा बरीच उष्णता नेतो. तरीही लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवल्यास रिमचे तापमान १०० अंशांच्या पुढे जाऊ शकते.

उष्णतेने टायर फुटतो म्हणजे नेमके काय होते?

‘हवा तापून फुगते आणि टायर फुटतो’ हे नेहमीचे स्पष्टीकरण अर्धेच खरे आहे. टायरमध्ये ८० पीएसआय हवा आहे आणि ती ३० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापली, असे धरले तरी दाब सुमारे १५ पीएसआयने वाढतो. धडधाकट टायर योग्य दाबाने भरलेला असेल, तर एवढी वाढ तो सहज सोसतो.

टायर फुटतो तो आधीच असलेल्या कच्च्या दुव्यामुळे. तापलेल्या रिमवरची प्लॅस्टिकची रिम टेप मऊ पडते किंवा सरकते आणि ट्यूब स्पोकच्या भोकात दाबली जाऊन फाटते. पंक्चरच्या ठिगळाचा डिंक सैल होतो. ट्यूब बदलताना टायरच्या कडेखाली चिमटलेली राहिली असेल, तर वाढलेल्या दाबाने कड रिमवरून उचलली जाते आणि बंदुकीसारखा आवाज होऊन टायर निघतो. ब्रेकशू तिरका बसून टायरच्या बाजूला घासत असेल, तर टायर कापला जातो. ब्रेक घासून घासून रिमची भिंत पातळ झाली असेल, तर रिमच फाकू शकते.

त्यात मुळातच हवा जास्त भरलेली असेल, तर मोकळीक आणखी कमी होते. सपाट रस्त्यावर सायकल ‘पळावी’ म्हणून टायर दगडासारखा कडक करण्याची सवय अनेकांना असते. घाटात हीच सवय महागात पडते.

मग हळू उतरले की धोका टळतो का?

इथेच अनेकांची गफलत होते. भीतीपोटी ब्रेक सतत अर्धवट दाबून हळूहळू उतरणाऱ्याची रिम जास्त तापते. सरळ बसलेला सायकलस्वार ६ टक्के उतारावर ताशी २० किमीने उतरत असेल, तर हवेचा रोध मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा घेतो. बाकी बहुतेक भार ब्रेकवर येतो. ताशी ४० किमीला मात्र निम्म्याहून अधिक ऊर्जा हवाच घेते.

याचा अर्थ सायकल मोकाट सोडावी असा नाही. वेग ३० वरून ५० वर गेला की थांबवायची ऊर्जा जवळपास पावणेतीन पट होते. ताशी ५० किमीला एका सेकंदात सायकल सुमारे १४ मीटर पुढे जाते. समोरून एसटी किंवा उसाचा ट्रॅक्टर आला, तर तेवढे अंतर घाटात नसते.

मधला मार्ग असा : रस्ता सरळ आणि मोकळा असेल तिथे ब्रेक सोडून रिमला वारा लागू द्यावा. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक ठामपणे पण झटका न देता दाबून वेग उतरवावा. वळणात शिरल्यावर ब्रेक हलका करावा. उतार तीव्र असेल आणि ब्रेक सोडताच येत नसेल, तर सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि चाके थंड होऊ द्यावीत.

निष्णात सायकलस्वारांनाही हा धोका असतो?

१४ जुलै २००३ रोजी टूर द फ्रान्स शर्यतीत स्पेनचा होसेबा बेलोकी एकूण क्रमवारीत दुसऱ्या स्थानी होता. गाप शहराकडे उतरताना उन्हाने डांबर वितळलेल्या वळणावर त्याचे मागचे चाक अडकून घसरले आणि रिमला डिंकाने चिकटवलेला टायर निघाला. बेलोकीच्या मांडीचे हाड, कोपर आणि मनगट मोडले. मागून येणारा लान्स आर्मस्ट्राँग त्याला चुकवताना रस्ता सोडून शेतातून गेला. बेलोकीला पुन्हा जुना सूर गवसला नाही. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींचे टायर डिंकाने चिकटवलेले नसतात. पण उतार, तापलेला रस्ता आणि जोरात दाबलेला ब्रेक एकत्र आले की काय होते, हे त्या अपघाताने जगाला दाखवले.

डिस्क ब्रेक असेल तर काळजी नाही?

रिम तापण्याची काळजी नाही, कारण उष्णता चाकाच्या मध्याजवळच्या तबकडीत जाते. मात्र सतत दाबल्यास डिस्क ब्रेकचीही पकड ढिली पडू शकते आणि तापलेल्या तबकडीने हात भाजतो. खड्डा, काच किंवा कापलेला टायर यांचा धोका तर तसाच राहतो. रिम ब्रेकसोबत कार्बनची रिम असेल, तर अधिक सावध राहावे. अतिउष्णतेने तिच्यातले रेझिन मऊ पडते. टीपीयूच्या हलक्या ट्यूबांपैकी काही फक्त डिस्क ब्रेकसाठीच असतात. घेताना वेष्टनावरची सूचना वाचावी.

घाटात जाण्यापूर्वी काय तपासावे?

• टायरच्या बाजूवर छापलेली दाबाची कमाल मर्यादा ओलांडू नये. रिमवर वेगळी मर्यादा असेल, तर दोन्हींतली कमी मर्यादा पाळावी.

• टायरला चीर, फुगवटा किंवा बाहेर आलेले धागे असतील, तर तो बदलावा. आतून गेटर बसवलेला टायर गावात चालेल, घाटात नको.

• पुढच्या चाकात ठिगळाची नव्हे, नवी ट्यूब असावी.

• ट्यूब बदलताना रिम टेपने स्पोकची सगळी भोके झाकली आहेत ना, हे पाहावे.

• रिमच्या बाजूवर बोट फिरवावे. ती आत खोलगट झाली असेल किंवा झीज दाखवणारी खूण पुसली गेली असेल, तर रिम बदलावी.

• ब्रेकशू रिमच्या मधोमध टेकतात का, हे पाहावे. त्यात अडकलेले खडे काढावेत.

आणि टायर फुटलाच तर?

हँडल घट्ट आणि सरळ धरावे. पुढचा टायर फुटला असेल, तर पुढचा ब्रेक दाबू नये. वजन मागे घेऊन मागचा ब्रेक हलक्या हाताने लावावा. मागचा फुटला असेल, तर सायकल सरळ ठेवून पुढच्या ब्रेकने सावकाश थांबावे. दोन्ही वेळा एकदम वळणे टाळावे.

थांबल्यावर वळणापासून दूर, रस्त्याच्या कडेला जावे. रिमला लगेच हात लावू नये. ती थंड झाल्यावर आधी ट्यूब कुठे फाटली ते शोधावे : भोक आतल्या बाजूला असेल तर दोष रिम टेपचा, लांब चीर असेल तर टायर रिमवरून निघाल्याची शक्यता जास्त. कारण न शोधता नवी ट्यूब घालून निघाल्यास पुढच्याच वळणावर तीही फुटू शकते. कारण सापडले नाही, तर उरलेला घाट पायी किंवा टेम्पोतून उतरलेला बरा.