गाडी पास कुठे झाली आणि उभी कुठे असते?

जून उजाडला की होस्टेलच्या पार्किंगमध्ये दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, गावाकडून आणलेल्या जुन्या-नव्या बाइक आणि दुसरी, उतारावरून येऊन साचणारं पाणी. मागच्या पावसाळ्यात आमच्या एका सरांची कार अशीच रात्रभर बॉनेटपर्यंत पाण्यात होती. सकाळी पाणी ओसरल्यावर सरांनी सेल्फ मारला. 'खट्' असा आवाज झाला आणि गाडी बंद पडली ती पडलीच! इन्शुरन्स 'फुल' होता. सीट, कार्पेट, वायरिंगचे पैसे मिळाले, पण इंजिनाचा मोठा खर्च कंपनीने नाकारला. असं का?

त्यासाठी आधी पॉलिसीचे दोन भाग समजून घेऊ. पहिला 'थर्ड पार्टी'. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई यातून होते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने हा भाग सक्तीचा आहे. याचा दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो, गावावर नाही. 1 जून 2022 ला लागू झालेल्या दरांत 75 ते 150 सीसीच्या बाइकला वर्षाला 714 रुपये होते. मग ती गडचिरोलीत चालवा नाहीतर दादरला!

दुसरा भाग 'ओन डॅमेज', म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान किंवा चोरी. याचा हप्ता गाडीच्या आजच्या किमतीवर, म्हणजे आयडीव्हीवर टक्क्यांनी काढतात. 2002 च्या दरपत्रकात यासाठी देशाचे दोन विभाग केले होते. 'ए' विभागात मुंबई, पुणे, दिल्ली अशी आठ मोठी शहरं आणि 'बी' मध्ये बाकी सगळा देश. विभाग ठरतो तो गाडी जिथे पास झाली त्या आरटीओवरून. पाच वर्षांच्या आतल्या, 1000 सीसीपर्यंतच्या कारला 'ए' मध्ये 3.127 टक्के आणि 'बी' मध्ये 3.039 टक्के. आयडीव्ही 5 लाख धरली तर 15,635 आणि 15,195 रुपये. फरक फक्त 440 रुपयांचा! 2007 पासून कंपन्यांना हे दर ठरवायची मोकळीक मिळाली, त्यामुळे एकाच गाडीला वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळे आकडे सांगतात. म्हणून दोन-तीन ठिकाणी चौकशी करावीच.

आता गंमत बघा. 2016 मध्ये ज्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं ते लातूर, आणि जुलै 2021 च्या पुरात बुडालेलं चिपळूण, दोन्ही 'बी' विभागातच! म्हणजे आपल्या गल्लीत पाणी शिरतं का, हे त्या विभागाला कळत नाही. तो विचार आपणच करायचा.

पूर, वादळ, दरड कोसळणं हे सगळं साध्या ओन डॅमेजमध्ये येतं. मग सरांचं इंजिन का नाही? पुराने गाडी भिजली हे पुराचं नुकसान. पण सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पिस्टन ते पाणी दाबायला बघतो. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ नाहीच. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. हे पुरामुळे थेट झालेलं नुकसान नाही, मागाहून ओढवलेलं आहे, असं कंपनी म्हणते. यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे वेगळं कव्हर मिळतं. नदीकाठी, खाडीजवळ किंवा तळघरात गाडी लावणाऱ्यांनी अटी नीट वाचून ते घ्यावं. लातूरच्या माळावर राहणाऱ्याने तेच पैसे वाचवले तरी चालतील.

खड्ड्यांचंही तसंच. खड्ड्यात आपटून नुसता टायर फुटला तर साध्या पॉलिसीत काही मिळत नाही. गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे पैसे मिळतात, तेही निम्मे. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात. शहराच्या गर्दीत रोज बंपर घासत असेल तर 'झिरो डेप' घेतल्याने ही कपात टळते.

मात्र प्रत्येक ओरखड्यासाठी क्लेम करू नका. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या हप्त्यात 50 टक्के सूट मिळते. वरच्या उदाहरणात ती साडेसात हजारांच्या पुढे जाते. चार हजारांच्या डेंटिंगसाठी ती घालवणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार!

आणि आपल्या होस्टेलच्या बाइक? बऱ्याच जणांकडे फक्त थर्ड पार्टी असतं. स्टेशनबाहेरून अशी बाइक चोरीला गेली तर एक रुपयाही मिळत नाही. बाइक रात्री कुठे उभी असते ते आठवा आणि मग ठरवा.

शेवटी एकच सांगणं. गाडी पाण्यात सापडली तर सेल्फ मारू नका, किकही नको. ढकलत बाहेर काढा, फोटो काढा, कंपनीला कळवा आणि गॅरेजला ओढून न्या. पास कुठे झाली हे आरसी बुकात लिहिलेलं असतं. उभी कुठे असते हे फक्त आपल्यालाच माहीत!