रानात पान, शेतात मूळ : पांढऱ्या मुसळीची लागवड आणि वापर

मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की सागाच्या रानात वाळक्या पाल्यातून लांबट हिरवी पाती वर येतात. आषाढ-श्रावणात त्यांच्यामधून दांडा निघतो आणि त्यावर सहा पाकळ्यांची, पिवळ्या परागकोशांची पांढरी फुलं उमलतात. ही पांढरी मुसळी. दिवाळीपर्यंत पानं पिवळी पडून गळतात, पण मातीखाली बोटांसारख्या मांसल मुळांचा झुपका जिवंत राहतो आणि पुढच्या पावसाची वाट पाहतो.

औषधी बाजारात सर्वाधिक मान असलेली मुसळीची जात वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी 1950च्या दशकात मुंबईजवळच्या बोरिवलीच्या रानातून नोंदवली. म्हणूनच तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिएनम. कोकणात फोडशी किंवा कुलू म्हणून मिळणारी पावसाळी भाजीही याच कुळातली. काळी मुसळी मात्र वेगळी. तिचं फूल पिवळं असतं.

भाजी

पहिल्या पावसानंतरची कोवळी पानं भाजीला उत्तम. फुलाचा दांडा वर आला की पान राठ होतं. बुडख्याशी माती अडकते, म्हणून पातं न् पातं सुटं करून तीन-चार पाण्यांत धुवावं आणि खालचा चिवट भाग काढून टाकावा. मग बारीक चिरून, तेलात कांदा, लसूण, हिरवी मिरची परतून, भिजवलेल्या मूगडाळीबरोबर शिजवावी. सोबत ज्वारीची भाकरी.

रानातून पानं आणायची तर ओळख पटवणारं जाणतं माणूस बरोबर हवंच. त्याच पावसात विषारी कळलावीही उगवते. पानं विळ्यानं कापावीत, प्रत्येक झुपक्यावर काही राखावीत आणि मूळ कधीच उपटू नये. काटेपूर्णासारख्या अभयारण्यात तर पानालाही हात लावू नये.

मुळाचं दुखणं मोठं आहे. औषधासाठी झुपका समूळ खणला की त्या जागची मुसळी संपते. बी पडून नवं रोप येतं, पण बियांची उगवण फार कमी. म्हणून माझं सांगणं एवढंच : रानातून घ्यायचं ते पान, मूळ हवं असेल तर ते शेतात पिकवावं.

लागवड

हे पीक आपल्या वाशीम भागाला परकं नाही. शेजारच्या अकोट, अंजनगाव सुर्जी पट्ट्यात पानमळे आणि पानपिंपळी सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांनी मुसळीही पिकवली आहे. वाशीम जिल्हा सोयाबीन-तुरीचा. इथल्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळं सडतात. हलकी, निचऱ्याची, मुरमाड जमीन बरी. काळ्या रानात लावायचीच असेल तर भरपूर शेणखत घालून उंच गादीवाफे करावेत.

बेणं म्हणजे वरचा डोळ्याचा भाग शाबूत असलेलं मूळ. डोळा तुटलेलं बोट उगवत नाही. जूनमध्ये पावसाला सुरुवात होताच 30 सेंटिमीटर बाय 15 सेंटिमीटरवर, डोळा वर ठेवून लावावं. वाटा सोडल्या तर एका गुंठ्यात दीड हजारांच्या आसपास रोपं बसतात. पावसाळाभर निंदणी आणि निचरा, ही दोन कामं चुकवू नयेत.

पानं गळाली तरी काढणीची घाई नको. मुळाची साल पांढुरकी असते ती हळूहळू गडद तपकिरी होते, आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत मूळ पक्व होतं. तेव्हा खणून बेण्याचे झुपके सावलीत, थंड जागी वाळूत ठेवावेत. बाकीची मुळं धुऊन, सोलून, कडक उन्हात पांढरीशुभ्र होईतो वाळवावीत. पाच किलो ओल्या मुळांतून साधारण एक किलो सुकी मुसळी हाती येते. सोलणं हे हातानं, वेळ खाणारं काम. मजुरीचा हिशेब आधीच मांडलेला बरा.

सुक्या मुळाची पूड दुधातून घेण्याची रीत जुनी आहे. आयुर्वेदात मुसळी बल्य, म्हणजे ताकद देणारी, मानली जाते. पण जाहिरातींतल्या चमत्कारांवर विसंबू नये. गरोदर स्त्रियांनी आणि नियमित औषधं घेणाऱ्यांनी वैद्यांना विचारूनच घ्यावी.

सावध सुरुवात

महागडं बेणं विकून ‘सगळा माल आम्हीच घेऊ’ असा शब्द देणाऱ्यांमुळे या पिकात अनेकांचे हात पोळले आहेत. सोयाबीन मोडून एकरभर मुसळी लावण्याआधी परसातला एक गुंठा लावून पाहावा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं नागार्जुन वनौषधी उद्यान आपल्यापासून जवळ आहे. तिथे झाड ओळखून घ्यावं आणि जमिनीबद्दल विचारावं. बेणं ओळखीच्या शेतकऱ्याकडून, डोळा पाहून घ्यावं. पहिल्या वर्षी मुळं विकण्यापेक्षा बेणं वाढवावं आणि पावसाळ्यात घरापुरती पानं खुडावीत. गावात असे दहा वाफे झाले, तर मुसळीसाठी रानात कुदळ न्यायचं कारणच उरणार नाही.